बड्या कोठीच्या माईसाहेब

माझा जावई कामानिमित्त इंदूरला गेला होता. तिथे बड्या कोठीत दोन दिवस राहिला. परत आल्यावर जेवताना सांगत होता, "बाबा, काय ते होटेल. राजवाडाच आहे जुना. आणि पाहुण्याला घरच्या माणसासारखं वागवतात." मी भात कालवत राहिलो. पाहुण्याला घरच्यासारखं वागवत असतील. घरच्या माणसाला तिथे कसं वागवलं, ते मी पाहिलं आहे. त्या माईसाहेबांचं नावसुद्धा आता त्या कोठीत कुणाला माहीत नसणार.

मध्यभारत राज्याच्या दिवसांतली ही हकीकत. संस्थानं विलीन झाली होती आणि इंदूरच्या सरदार घराण्यांकडे मोठाल्या कोठ्या तेवढ्या उरल्या होत्या. छत गळलं तर ते दुरुस्त करायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. बडी कोठी पलासियाच्या पुढे होती. आज तिथे मोटारींतून रस्ता सापडत नाही म्हणतात, तेव्हा दोन्ही बाजूंना शेतं होती. कोठीचे मालक, त्यांना सगळे मोठे सरकार म्हणत, वारले होते. मूलबाळ नव्हतं. कोठी त्यांच्या धाकट्या भावाकडे गेली. हे धाकटे सरकार मुंबईत राहायचे. त्यांनी कोठी एका कंपनीला होटेलसाठी चालवायला दिली आणि देताना एक अट घातली. मोठ्या सरकारांची बायको, म्हणजे माईसाहेब, उत्तरेकडच्या दोन खोल्यांत राहील, तिचं जेवणखाण होटेलच्या मुदपाकखान्यातून होईल, आणि ती आपणहून सोडेपर्यंत तिला तिथून कुणी उठवायचं नाही.

मी मूळचा चिपळूणकडचा. सहावीतून शाळा सुटली, मुंबईत एका कारखान्यात लागलो, आणि हळूहळू बर्फाची यंत्रं बसवायच्या कामात हात बसला. बड्या कोठीला बर्फाचं यंत्र आणि मांस-भाजी ठेवायचं थंड कोठार हवं होतं. मालकांनी मला धाडलं. राहणं-जेवण होटेलात, असा करार होता. यंत्राचे काही भाग जहाजातून यायचे ते लवकर येईनात, म्हणून महिन्याभराचं काम पाऊण वर्षावर गेलं. घरी बायको, तान्हं मूल. इकडे मी संगमरवरी जिन्यावरून पाय घसरेल या धास्तीने भिंतीला धरून उतरतोय.

तिथला पलंग एवढा मोठा होता की त्यावर मला झोप येईना. मी खाली गालिच्यावर झोपायचो आणि सकाळी उठून पलंगावरची चादर मुद्दाम चुरगळून ठेवायचो. म्हातारा बेअरा नाथू खोली झाडायला यायचा, त्याला कळू नये म्हणून. त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

जेवणाची भीती त्याहून मोठी. दरबार हॉलचा डायनिंग हॉल केला होता. काटे-चमचे ओळीने मांडलेले, कोणता कशाला ते ठाऊक नाही. म्हणून दुपारी सगळे जेवून उठेपर्यंत मी बागेत हौदाजवळ घुटमळायचो आणि हॉल रिकामा झाला की जाऊन कोपऱ्यात बसायचो. हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, एक म्हातारी बाई बसलेली असायची. उंच, काटकुळी, पांढरं लुगडं, पायांत मात्र पुरुषी काळे पंपशू. समोर ताट नाही. हातात अडकित्ता. मला वाटायचं, ही माझ्यावर नजर ठेवायला बसवलेली आहे.

एक दिवस ती उठून माझ्या टेबलाशी आली.

"तुम्ही रोज इतक्या उशिरा का जेवून राहिले?"

मी उभा राहिलो. "काम असतं, बाईसाहेब."

"काम नाही. मी खिडकीतून बघते ना. तुम्ही हौदाजवळ उभे असता. लोक उठायची वाट बघता." मग माझ्या ताटातल्या काट्याकडे पाहून म्हणाल्या, "हाताने जेवा. हे घर आहे. कोणी हसलं तर माझ्याकडे बघा, मी आहे. पण उद्यापासून वेळेवर या, मिस्त्रीजी. तुमच्यामुळे मी पण उपाशी राहते."

हे शेवटचं मला समजलं नाही. नाथूने भांडी उचलता उचलता समजावलं, "जद तक आखरी पावणो नी जीमे, माईसाब कौर नी तोड़े, भिया."

कोठीचा रिवाजच तसा होता. शेवटचा पाहुणा जेवल्याशिवाय घरची बाई घास घेत नाही. कोठीचं होटेल झालं, पाहुणे अनोळखी झाले, त्यांच्या जेवणाच्या वेळा कंपनीने पाटीवर लिहून लावल्या. माईसाहेबांनी आपल्यापुरतं काहीच बदललं नव्हतं. कोणी पाहुणा मोटार बिघडून तीन वाजता आला, तर त्याही तीनलाच जेवायच्या. त्याला त्याचा पत्ताही नसायचा.

सकाळचाही त्यांचा एक नेम होता. नाथूला चहाचं तबक घेऊन मागे ठेवायचं आणि दारोदार टकटक करत जायचं. दार उघडलं की, "झोप लागली ना?" मराठीत. समोरचा पारशी असो, पंजाबी असो, गोरा असो. एका गिरणीत आलेला जर्मन इंजिनीयर तिथे बरेच दिवस होता. तो दार उघडायच्या आधीच आतून ओरडायचा, "लागली, लागली." पण सगळेच असे नसतात. मुंबईच्या एका शेअरवाल्याने तक्रार केली. होटेलचे मॅनेजर पारखी म्हणून होते. तिथलेच, इंदूरचे. आवाज कधी चढवायचे नाहीत, कपड्याला सुरकुती नाही. ते हात जोडून माईसाहेबांकडे गेले. मी जिन्यातल्या दिव्याची तार बघत होतो.

"माईसाहेब, गेस्ट लोकांना डिस्टर्ब होऊन राहिलं."

"गेस्ट कोणाचे?"

"होटेलचे."

"अच्छा. आणि होटेलच्या घरी कोण कोण असतं? बायको, आई, कोणी आहे का त्याला?"

पारखी हसले. तेही त्यांना छान यायचं. "तुम्ही आहात ना, माईसाहेब."

"तर मग."

त्या गोड होत्या असं कुणी समजू नये. जीभ फार वाईट. नव्या मंत्र्यांना त्या 'काल आलेले' म्हणायच्या, तेही ते ऐकू शकतील इतक्या जवळून. नोकरांना हाक मारताना नावं अर्धी करायच्या. माझी जात त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारली, ऐकून नुसतं "हं" म्हणाल्या, आणि तेव्हापासून माझा पाण्याचा पेला वेगळा झाला. पाहुणा म्हणून मान पुरा, पेला मात्र वेगळा. यात काही विसंगत आहे असं त्यांच्या मनातही आलं नसेल. मला लागलं होतं, पण बोलायची माझी ऐपत नव्हती.

शिक्षण विचारलं तेव्हा मी मान खाली घालून सहावी म्हणालो. त्या म्हणाल्या, "मोठे सरकार विलायतेत शिकले. तीन भाषा यायच्या. बूट घालता नाही यायचा. दुसऱ्याने घालायचा." मग आपल्या पायांतल्या पंपशूंकडे बोट दाखवून, "हे त्यांचेच. आता मी घालते. मला येतात."

उन्हाळ्याच्या तोंडाला मला हिवताप झाला. यंत्राचे काही भाग पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपात लेथवर करून घेत होतो, तिथेच थंडी वाजून आली. टांग्यातून मला कोठीवर आणलं. ताप उतरेना. पारखी आले, दारातूनच बोलले. आजारी माणूस वर ठेवणं गेस्टच्या दृष्टीने बरं नाही. गॅरेजच्या मागे खोली आहे, तिथे हलवू, डॉक्टर रोज येईल. माणूस वाईट बोलला नाही. मीही हो म्हणालो. आपल्यामुळे कुणाला त्रास नको, एवढंच मला कळायचं.

तेवढ्यात माईसाहेब आल्या. "पाहुणा आजारी पडला तर त्याला गॅरेजमध्ये नाही टाकत. याची खोली पश्चिमेची आहे, भट्टी आहे भट्टी. माझ्या बाहेरच्या खोलीत न्या. थंड आहे."

नाथूने आणि एका माळ्याने मला उचलून नेलं. उत्तरेकडची खोली, खाली काळी गुळगुळीत फरशी, खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी मारलेलं. तो वास मी अजून विसरलेलो नाही. मी तिथे कितीतरी दिवस पडून होतो. आई असती तर तिने जे केलं असतं ते बहुतेक माईसाहेबांनी केलं. बडबडत, हिडीसफिडीस करत केलं. खानसाम्याकडून गुरगुट्या भात करवला; मालव्यात गव्हाच्या मुलखात तो भात बघून मला रडू आलं, तर म्हणाल्या, "रडायचं असेल तर जेवून रडा, थंड होऊन राहिला." तापातही पेला माझा वेगळाच होता. पण तो त्यांच्या हातात होता.

पारखी रोज चौकशीला येऊन उंबऱ्यात उभे राहायचे. फरशी, खिडकी, पडदा, आतल्या खोलीचं दार, सगळ्यावरून नजर फिरायची. मला वाटायचं, माझी विचारपूस चालली आहे.

मी बरा झालो, आपल्या खोलीत परत गेलो. माझ्या दृष्टीने ती गोष्ट संपली. पारखींनी मात्र त्यातून एक गोष्ट उचलली होती. या बाईला खोलीतून उठवता येत नाही, पण हिच्याकडे खोली मागता येते.

मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायची. उन्हाळा लागला की सगळं सरकार फायलींसकट इंदूरला यायचं, आणि होटेलात पाय ठेवायला जागा राहायची नाही. थंड खोल्यांना तर मागणी विचारू नका. अशात एक दिवस ग्वाल्हेरच्या एका अधिकाऱ्याची बायको माईसाहेबांकडे आली. मी मुदपाकखान्याच्या बाहेर नळ जोडत होतो, माईसाहेब तिथे भाजी बघायला आल्या होत्या.

"माईसाहेब, आमच्या खोलीत फार ऊन येतं हो. मला दम लागतो. पारखीजी म्हणाले, माईसाहेब कुणाला नाही म्हणत नाहीत."

"दम लागतो? कधीपासून?" माईसाहेबांनी तिची नाडीच पाहायची बाकी ठेवली. दुपारपर्यंत बाहेरची खोली रिकामी झाली.

ती बाई गेली त्याच दिवशी एका गिरणीवाल्याची गरोदर सून आली. तिने मागितली. ती असतानाच एक म्हातारे वकील आले, त्यांना आतली खोली मिळाली, कारण त्यांना जिना चढवत नव्हता आणि उत्तरेकडच्या खोल्या तळमजल्यावर होत्या. प्रत्येकाची अडचण खरी होती, हे मी सांगितलं पाहिजे. पारखी खोटी माणसं पाठवत नव्हते. खऱ्या अडचणीची माणसं निवडून पाठवत होते. माईसाहेबांचा पलंग मागच्या अंगाला फरासखान्यात गेला. गालिचे, कनाती, जुने तंबू ठेवायची ती जागा. वर पत्रा. उन्हाळ्यात तिथे नाथूही टेकायचा नाही.

तिथून त्या सकाळी उठून, पंपशू घालून, आपल्याच खोलीचं दार ठोठावायच्या. "झोप लागली ना?"

मला राहवेना. माझा स्वभाव भित्रा. पारखींनी मुंबईला एक ओळ लिहिली तर माझी नोकरी जाईल ही भीती रोजची. तरी मी फरासखान्यात गेलो. त्या गुंडाळलेल्या गालिच्यावर बसून सुपारी कातरत होत्या.

"माईसाहेब, ही माणसं पारखी पाठवतात."

"माहीत आहे."

"मग एकदा नाही म्हणा ना."

"म्हटलं तर काय होईल?"

"खोली राहील."

"राहील. भाडेकरूची राहते तशी." अडकित्ता थांबला. "मिस्त्रीजी, त्या बायका माझ्याकडे का येतात? पारखी देऊ शकतो तर त्याच्याकडून का नाही घेत? मला विचारावं लागतं म्हणून. हे घर कोणाचं आहे ते त्या पारखीला रोज कबूल करावं लागतं, माझ्याकडे माणूस पाठवून. मी नाही म्हटलं तर तो उद्या म्हणेल, बाईंना विचारायचं काय काम?"

"पण अशाने तुमच्याकडे काही उरणार नाही."

"ते झालंच," त्या म्हणाल्या. "मोठे सरकार इतके शिकले, तुम्ही सहावी. दोघांना एकच गोष्ट नाही समजत. मागणारा येतो तोवर घर आपलं."

मला खरंच समजलं नव्हतं. मला फक्त पत्र्याखालचा उकाडा समजत होता.

पुढे धाकटे सरकार मुंबईहून आले. त्यांच्याच कोठीत, होटेलचे पाहुणे म्हणून उतरले. नाथू दोन दिवस माझ्यामागे लागला होता, "थें बोलो, भिया. म्हूं तो नौकर हूं." मी बागेत त्यांना गाठलं आणि एका दमात सांगितलं की माईसाहेब फरासखान्यात राहतात.  ते गोरेपान, स्थूल, भला चेहरा. ऐकून खरोखर चपापले. "वहिनी? फरासखान्यात?" म्हणाले. मला वाटलं, झालं काम.

दुपारी डायनिंग हॉलमध्ये त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. पारखी शेजारी हात बांधून उभे होते. माईसाहेब खिडकीपाशी, नेहमीच्या जागी.

"वहिनी, तुमच्या खोल्या कोणी घेतल्या?"

"घेतील कशाला? मी दिल्या."

"तुम्ही दिल्या?"

"पाहुण्यांनी मागितल्या."

"मग आता परत घ्यायच्या का? सांगा तसं."

"पाहुणे आहेत त्या खोल्यांत."

धाकट्या सरकारांनी पारखींकडे पाहिलं. पारखींनी जमिनीकडे. मग धाकट्या सरकारांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होताना मी पाहिला. एखाद्याला वाटेत धोंडा दिसावा आणि जवळ गेल्यावर तो कुणीतरी आधीच बाजूला केलेला असावा, तसं काहीसं.

"म्हणजे तुम्ही आपणहून सोडल्या, वहिनी. कोणी उठवलं नाही."

माईसाहेबांनी हातातला अडकित्ता मिटला.

"तेवढं हो म्हणा ना. कंपनीवाले मला सारखे विचारतात. तुम्ही हो म्हटलं की माझ्या डोक्याचा ताप जाईल. एवढं करा माझ्यासाठी."

ते हात पुढे करून बोलत होते, ताटावर बसलेल्या माणसाने आग्रहाने काही मागावं तसे. त्यांनी हे जाणून केलं असेल असं मला वाटत नाही. पण त्या घरचा रिवाज त्यांनाही पाठ होता, आणि त्या दिवशी त्या हॉलमध्ये तेही पाहुणेच होते.

"हो," माईसाहेब म्हणाल्या.

धाकट्या सरकारांनी पोळीचा तुकडा मोडला. नंतर कुणीतरी लोणचं मागितलं.

त्या आठवड्यात माझं यंत्र सुरू झालं. पहिल्या बर्फाच्या लाद्या निघाल्या तेव्हा पारखींनी सगळ्या पाहुण्यांना सरबत दिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. पोर्चमध्ये टांगा उभा होता. माईसाहेबांची एक जुनी दासी जुन्या इंदुरात राहायची, तिच्याकडे त्या चालल्या होत्या. एक ट्रंक, एक वळकटी. मी धावत सरबताचा पेला घेऊन गेलो. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला, बर्फाचा खडा हलवला, म्हणाल्या, "बरं केलं हो काम," आणि न पिता परत दिला. पेल्यामुळे की आणखी कशामुळे, मी विचार करत बसलो नाही.

मी मुंबईला आलो. माझा पगार वाढला, दुसरं मूल झालं. माझ्या आयुष्यात पुढे जे चार माणसांत वावरायचं धैर्य आलं, ते त्या खिडकीपासून आलं. "हाताने जेवा, मी आहे," हे वाक्य मला जन्मभर पुरलं. ते बोलणाऱ्या बाईला मात्र "मी आहे" म्हणणारं कुणी नव्हतं. मी होतो तो असा, भिंत धरून जिना उतरणारा.

मध्यभारत मोडून मध्यप्रदेश व्हायच्या थोडं आधी यंत्र बिघडलं म्हणून मला पुन्हा बोलावणं आलं. स्टेशनहून होटेलच्याच मोटारीने आलो. सकाळची वेळ होती. पोर्चच्या पायऱ्यांवर माईसाहेब उभ्या होत्या. अंगावर जरीचं लुगडं, त्यांचं नव्हे, होटेलचं. खांद्यावर घड्यांच्या रेषा दिसत होत्या. हातात चांदीचं तबक, त्यात अष्टगंध, अक्षता, झेंडूच्या माळा. विधवा बाई, म्हणून कुंकवाऐवजी अष्टगंध. एवढं तरी त्यांनी स्वतःचं राखलं होतं.

सामान उचलताना नाथूने सांगितलं. पारखींनीच काढलं हे. येणाऱ्या पाहुण्याला राणीसाहेबांच्या हातचा टिळा. मुंबईच्या वर्तमानपत्रांत तसं छापूनही येतं. टांगा रोज जाऊन त्यांना आणतो. दुपारचं जेवण डब्यात बांधून देतात, बारा वाजता घरी पाठवतात.

"त्या कशा तयार झाल्या?" मी विचारलं.

नाथूने खांदे उडवले. "पावणा आवे है, माईसाब. कुण केवे के घर में कोई नी? बस, यो ज बोल्या पारखीजी." पाहुणे येतात आणि घरात कुणी नाही, असं कुणी म्हणू नये, एवढंच पारखी त्यांना बोलले होते.

मला त्यांनी ओळखलं. "यंत्र बिघडलं वाटतं," म्हणाल्या आणि माझ्या कपाळाला टिळा लावला.  मी वाकून पायांना हात लावायला गेलो, पण मागून दुसरी मोटार आली होती. त्यांनी मला हातानेच बाजूला केलं.

मोटारीतून मुंबईचं एक जोडपं उतरलं. त्यांच्याबरोबरच्या गृहस्थाकडे कॅमेरा होता. माईसाहेबांनी दोघांना टिळा लावला.

"माताजी, एक बार और. नहीं आया ठीक से."

त्यांनी पदराने त्या बाईचं कपाळ पुसलं आणि पुन्हा लावला.

"यहाँ छाँव है. आप ज़रा नीचे आ जाइए, धूप में."

त्या तबक सांभाळत, एका हाताने लुगडं उचलून, पायऱ्या उतरून खाली मुरमावर आल्या. जोडपं वर, पहिल्या पायरीवर. माईसाहेब खाली उन्हात, मान वर करून, बोट पुढे केलेलं. पारखी दारात उभे होते. मी त्यांच्या बाजूला. आत जायला हवं होतं, माझ्याने जाववलं नाही.

कॅमेरावाल्याने डोळा लावला, पुन्हा काढला.

"माताजी, थोड़ा हँसिए."

माईसाहेब हसल्या.